पाव पौंड इतिहास

मित्र मोठ्या शहरात राहायला गेला की काही वर्षांनी त्याला ते शहर आपल्या वडिलांनी बांधलंय असं वाटायला लागतं. मुंबईत स्थायिक झालेला मित्र पाहुण्याला राणीच्या बागेत नेतो तेव्हा पिंजऱ्यातला वाघ आपणच लहानाचा मोठा केल्यासारखा बाजूला उभा राहतो. आमचा एक मित्र तर न्यूयॉर्कला जाऊन बसलाय. १९६५ साली अमेरिकेने आपला इमिग्रेशनचा कायदा सैल केला आणि आमच्या पिढीतले इंजिनीयर आणि डॉक्टर पासपोर्टचे फोटो काढत सुटले, त्यांतलाच हा एक. राहतो क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला, जिथे खिडकी उघडली की फोडणीचा वास आत येतो आणि बंद केली की आतल्याचा बाहेर जात नाही.

त्याने मला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दाखवला नाही. "तो कॅलेंडरवर बघितलायस ना? मग झालं," म्हणाला. एम्पायर स्टेट बिल्डिंगचीही तीच वाट लावली. रविवारी सकाळी माझ्या हातात लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाची एक पिशवी दिली आणि म्हणाला, "चल, सामान आणायचंय."

सामानाची यादी वहिनींच्या हातची होती. वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली. यादी मात्र त्याच्या पाकिटात घडी घालून ठेवलेली, घड्यांवर फाटत आलेली, चिकटपट्टी लावलेली. तीत कोथिंबीर नव्हती की कढीपत्ता नव्हता. मराठी अक्षरांत लिहिलं होतं: 'बेगल १२ (६ तिळाचे). नोव्हा अर्धा पौंड, पातळ कापायला सांगणे. हेरिंग. काकड्या अर्ध्या आंबट. पास्त्रामी पाव पौंड, फक्त चिरंजीवांसाठी.'

तर आम्ही डेलीत निघालो होतो. डेली हे 'डेलिकटेसन'चं लाडाचं नाव. शब्द जर्मन, पण जर्मनांनी तो फ्रेंचांकडून उसना घेतलेला. त्यातलं 'एसन' म्हणजे जर्मन भाषेतलं 'खाणं', असं पुष्कळांना वाटतं; प्रत्यक्षात शब्दाच्या शेवटी आहे तो अनेकवचनाचा साधा प्रत्यय. पण दुकानात उभं राहिल्यावर व्याकरणापेक्षा गैरसमजच खरा वाटतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन लोक न्यूयॉर्कला आले आणि त्यांनी मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला आपलं 'छोटं जर्मनी' वसवलं. तयार पदार्थांची ही दुकानं त्यांनी घातली. मग १८८१नंतर रशिया, पोलंड, रुमानिया इकडून ज्यू लोकांचे लोंढे आले. १९२४च्या कायद्याने अमेरिकेने दार लावून घेईपर्यंत वीस लाखांच्या वर माणसं आली. त्यांतली कितीतरी याच चार-दोन गल्ल्यांत, एका खोलीत सात-आठ, अशी राहिली. गिरगावच्या चाळीत बालपण काढलेल्या माणसाला याहून जास्त वर्णन करून सांगायची गरज नाही.

एफ गाडीने आम्ही सेकंड अव्हेन्यूला उतरलो. रस्ता ईस्ट हाउस्टन. टेक्ससमधलं शहर ह्यूस्टन, पण हा रस्ता हाउस्टन. स्पेलिंग मात्र एकच. मित्र ही माहिती प्रत्येक पाहुण्याला देतो आणि दर वेळी पहिल्यांदाच देत असल्यासारखी देतो.

मला वाटलं, एका दुकानात शिरायचं आणि यादी संपवायची. तसं नसतं. ज्यू धर्मशास्त्रात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. एका ताटात नाही, एका भांड्यात नाही आणि मांस खाल्ल्यावर काही तास दूधही नाही. आपल्याकडे सोवळ्या-ओवळ्याची दोन स्वयंपाकघरं असत, तशी इथे दुकानंच दोन. मांस विकतो तो डेली. मासे आणि क्रीम चीज विकतं ते 'अॅपेटायझिंग'चं दुकान. मासा ना मांसात ना दुधात, त्यामुळे तो दह्यादुधाच्या पंक्तीला बसू शकतो. मासा शाकाहारी आहे हे बंगाल्यांना आणि सारस्वतांना केव्हापासून ठाऊक आहे. ज्यूंनी त्याला शास्त्राधार दिला, एवढंच.

पण कुठलाही मासा चालत नाही. खवले हवेत आणि पर हवेत. म्हणजे कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या सगळ्या बाद. हे ऐकून मला आमच्या कोकणातल्या बेने इस्रायलांची आठवण झाली. अलिबागच्या आसपास तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. आपण कोण हे ते जवळजवळ विसरून गेले होते. त्यांच्यात अशी परंपरागत कथा सांगतात, की डेव्हिड राहाबी नावाचा एक परदेशी ज्यू तिथे आला, त्याने परीक्षा म्हणून बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली आणि त्यांनी बिनखवल्यांचे मासे न सांगता बाजूला काढले. तेव्हा त्याची खात्री पटली, की हे आपलेच. भाषा मराठी, लुगडं मराठी, आडनाव गावावरून नवगावकर नाहीतर पेणकर. ओळख उरली ती मासळीच्या टोपलीत. मटणाच्या रश्शात दूध चालत नाही म्हणून ते नारळाचा रस घालतात. गाय आणि माड यांतला फरक धर्मशास्त्राला कळतो, ही मोठीच सोय.

"म्हणूनच रविवारी आलो," मित्र म्हणाला. "लोणचेवाला शनिवारी बंद असतो. शनिवार तेलीच तो."

पहिलं दुकान कॅट्झचं. १८८८ सालचं म्हणतात. दारात शिरताच हातात एक तिकीट मिळतं. जे खाल त्याची नोंद त्यावर होते आणि बाहेर पडताना ते परत द्यायचं. हरवलं तर दंड. मित्राने माझं तिकीट आपल्या खिशात ठेवलं, जसं वडील लोक एस.टी.त ठेवत. आत 'लष्करातल्या लेकाला सलामी धाडा' अशा अर्थाची पाटी आहे. दुसऱ्या महायुद्धात मालकांची मुलंच लढाईवर होती, तेव्हापासूनची. इंग्रजीत 'सलामी' आणि 'आर्मी' यांचं यमक जुळायला न्यूयॉर्कचाच उच्चार लागतो. हे वाचून मला त्या सगळ्या आया अगदी ओळखीच्या वाटल्या. हॉस्टेलवरच्या पोराला शंकरपाळ्यांचा डबा पाठवणारी बाई आणि आघाडीवर सॉसेज पाठवणारी बाई यांच्यात फरक फक्त टपालखर्चाचा.

गंमत म्हणजे हे जगप्रसिद्ध दुकान कोशर नाही. तिथे मांसावर चीजही मिळतं आणि शनिवारीही ते उघडं असतं. कोशर 'वळणाचं' आहे, एवढंच. आपल्याकडे उडपी हॉटेलात पंजाबी मिळतं तसं.

पास्त्रामी आली रुमानियातून. शब्दाचं मूळ तुर्की 'पास्तिर्मा'त. तिकडे ती बदकाच्या नाहीतर हंसाच्या मांसाची करीत. अमेरिकेत बैलाचं मांस स्वस्त, म्हणून गरिबाच्या हंसाचा बैल झाला. खारवायचं, मिरी-धण्याचा लेप द्यायचा, धुरी द्यायची, मग वाफवायचं. धणे! म्हणजे आमच्या गोड्या मसाल्याचे चुलत सासरेच. मी गोमांस खात नाही. मित्र खातो की नाही हे त्याच्या आईच्या हयातीत कुणी विचारलं नाही आणि आता विचारण्यात अर्थ नाही. पाव पौंड 'चिरंजीवांसाठी' बांधून घेतली. काउंटरवाल्याने चव बघायला एक तुकडा बशीत पुढे केला, तेव्हा मी अत्यंत एकाग्रतेने भिंतीवरचे फोटो बघत होतो.

या मांसावरून इथे एकदा रणकंदन झालंय. १९०२च्या मे महिन्यात कोशर मांसाचा भाव पौंडाला बारा सेंटांवरून अठरा झाला आणि लोअर ईस्ट साइडच्या बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांनी खाटकांच्या दुकानांतलं मांस ओढून बाहेर काढलं, रॉकेल ओतलं, पोलिसांच्या अंगावर गेल्या, देवळात प्रार्थना थांबवून पुरुषांना जाब विचारला. भाव उतरायला लागले. मुंबईत १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागून लाटणी घेऊन निघालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. लाटणं निदान परत स्वयंपाकघरात नेता येतं.

काकड्या घ्यायला ग्रँड स्ट्रीटपर्यंत चालत गेलो. रस्त्यावर पिंपं मांडलेली. या काकड्या मिठाच्या पाण्यात लसूण आणि शेपू घालून आंबवतात, व्हिनेगरचा थेंब नाही. हो, शेपूच. ज्या भाजीच्या नावाने मराठी घरात निम्मी माणसं उपाशी झोपायला तयार होतात, तिच्या जोरावर न्यूयॉर्कचं लोणचं उभं आहे. थोडे दिवस मुरली ती अर्धी आंबट, जास्त मुरली ती पूर्ण आंबट. पण त्या काळच्या सुधारक मंडळींना हे लोणचं खुपायचं. १९२२ साली बर्था वुड नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी परदेशी लोकांच्या खाण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचं म्हणणं असं, की लोणच्याच्या अतिरेकाने सौम्य चवी कळेनाशा होतात, 'इरिटेशन' होतं आणि 'असिमिलेशन' जड जातं. हे ऐकून माझा मित्र रस्त्यातच थांबला. "एकूण आम्ही इतकी वर्षं मिसळलो नाही ते कैरीच्या लोणच्यामुळे होय! मी उगाच इंग्रजी सुधारत बसलो."

बेगल हे प्रकरण दिसतं मेदूवड्यासारखं आणि चावायला लागलं की दाताच्या डॉक्टरची जाहिरात वाटतं. आधी उकळत्या पाण्यात टाकायचा, मग भाजायचा. पोलंडमधल्या क्राकोवच्या ज्यू समाजाच्या १६१०च्या नियमांत त्याचा उल्लेख सापडतो. न्यूयॉर्कमध्ये हाताने बेगल वळणाऱ्यांची युनियन होती, लोकल ३३८. सभासद तीनेकशे आणि प्रवेश बहुधा मुलाला नाहीतर पुतण्याला. घराण्याची गायकी यापेक्षा जास्त उदार असते. १९५१च्या डिसेंबरात यांच्या भांडणाने चौतीसपैकी बत्तीस बेकऱ्या बंद पडल्या आणि शहरात बेगलचा दुष्काळ जाहीर झाला. मग डॅनियल थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने बेगल वळायचं यंत्र काढलं, १९६३ साली लेंडर्स कंपनीने ते भाड्याने घेतलं, गोठवलेले बेगल देशभर गेले आणि युनियनचे दिवस भरले. त्यावर फासतात ते क्रीम चीज 'फिलाडेल्फिया' नावाचं. त्याचा फिलाडेल्फियाशी संबंध एवढाच, की १८८०च्या सुमारास तिथलं दूधदुभतं नावाजलेलं होतं. जन्म न्यूयॉर्क राज्यातलाच. आपल्याकडे 'अस्सल कोल्हापुरी' लिहिलेली चप्पल दादरला मिळते, त्यातलाच प्रकार.

शेवटी माशांचं दुकान. जोएल रस हा गॅलिशियातून १९०७ साली आला. पिंपातले हेरिंग विकता विकता हातगाडी झाली, १९१४ साली दुकान झालं. त्याला मुलगे नव्हते, तीन मुली होत्या. त्या पोरवयापासून पिंपात हात घालून हेरिंग काढीत. शेवटी १९३५ साली त्याने पाटी बदलली: 'रस अँड डॉटर्स'. 'आणि सन्स' लिहायच्या जमान्यात हे धाडसच. आता चौथी पिढी दुकान बघते. हेरिंग म्हणजे तिकडचा सुका बोंबील, गरिबाचं खाणं. तो आज पांढऱ्या कोटातल्या माणसाकडून नंबर लावून घ्यावा लागतो. आमचे बोंबील अजून त्या पदाला पोचले नाहीत. इमारतीत तळले तर सोसायटीची नोटीस येते.

लॉक्स आणि नोव्हा यांत गल्लत करायची नाही, असं वहिनींनी यादीत खाली रेघ मारून लिहिलं होतं. लॉक्स नुसता खारवलेला, धुरी न दिलेला. नोव्हा थोडा खारवून थंड धुरात ठेवलेला. लोक लॉक्स मागतात आणि नोव्हा घेऊन जातात. काउंटरवरचा डॉमिनिकन गृहस्थ इतका पातळ काप काढी, की त्यातून मला समोरच्या पाटीचा रंग दिसत होता. तो मधूनच एखादा यिडिश शब्द टाकत होता. पलीकडे उभ्या असलेल्या ज्यू तरुणाला तो शब्द समजला नाही. त्याने विचारला. डॉमिनिकनने समजावून दिला.

मित्र एकदम गप्प झाला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "बघितलंस? १९३०च्या सुमाराला या शहरात दीड हजारांवर कोशर डेली होते. आता डझनांत मोजायचे. कार्नेगी डेली २०१६ साली बंद झाला, माझ्या डोळ्यांदेखत. आणि भाषा तर त्याआधीच गेली. राहिली काय, तर काकडी."

मी म्हटलं, "राहिली ना पण."

"माझी नात दहा वर्षांची आहे. तिला पोहे येतात, साबुदाणा येतो, 'आजोबा' येतं. ही यादी वाचता येत नाही." त्याने पाकीट चाचपलं. "तिच्या आज्जीचं अक्षर आहे."

मी त्याला इस्रायलला गेलेल्या आमच्या बेने इस्रायलांचं सांगितलं. तिथे जाऊनही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक चालवलं. त्यावर तो म्हणाला, की वर्गणीदारांचं सरासरी वय काय ते सांग. हा प्रश्न मराठी मासिकाबाबत पुण्यातही विचारू नये.

घरी पोचलो तर नात दारातच उभी. तिने पिशवी उपसली, यादी मागून घेतली आणि एकेक पुडा टेबलावर ठेवत यादीवर बोट फिरवायला लागली. अक्षरं येत नव्हती, पण क्रम पाठ होता. "हे बेगल. हे नोव्हा. हे..." आणि अडली. आजोबाने सांगितलं, "काकड्या." तिने पेन्सिल घेतली आणि वहिनींच्या अक्षराशेजारी, हलक्या हाताने, इंग्रजी लिपीत लिहिलं: काकड्या. मग बेगल चिरला, क्रीम चीज फासलं आणि वर फ्रीजमधली सोलापुरी शेंगदाण्याची चटणी भुरभुरली. नोव्हाला हातसुद्धा लावला नाही. मीही एक खाल्ला. चटणी जरा जास्त हवी होती.