फवारणीचं विष आणि ॲट्रोपिन: मेंदूतल्या रिसेप्टरवर चालणारी औषधं कशी तपासतात?

दर्यापूर, अंजनगाव, अकोट या पट्ट्यात कपाशीची फवारणी जोरात असते, तेव्हा दवाखान्यात एका इंजेक्शनचं नाव बरेचदा कानावर येतं: ॲट्रोपिन. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. असे पेशंट अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतही आले होते. कपाशीवरच्या बऱ्याच कीटकनाशकांचा परिणाम आणि ॲट्रोपिनचं काम शेवटी एकाच जागी दिसतं. ती जागा म्हणजे मेंदूतले आणि शरीरातले रिसेप्टर.

रिसेप्टरवर कोणतं औषध कसं काम करतं, हे शोधणाऱ्या शास्त्राला न्यूरोफार्माकॉलॉजी म्हणतात. हे शोधतात कसं, ते आज ॲट्रोपिनचंच उदाहरण घेऊन पाहू.

रिसेप्टर म्हणजे काय?

रिसेप्टर, मराठीत ग्राही, म्हणजे पेशीच्या आवरणात बसलेलं एक प्रोटीन. ठरावीक आकाराचा रेणू त्यात बसला की पेशीच्या आत काहीतरी सुरू होतं किंवा बंद होतं. फोनमधलं ॲप नोटिफिकेशनची वाट पाहत असतं, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे मेसेज म्हणजे एक रसायन असतं.

१९०५ मध्ये केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी निकोटिन आणि क्युरारे ही दोन द्रव्यं स्नायूवर वापरून पाहिली. स्नायूत रसायन पकडणारा काहीतरी पदार्थ असलाच पाहिजे, असं त्यांनी मांडलं. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग केला. एका हृदयाची नस उत्तेजित करून त्याचे ठोके मंद केले. मग त्या हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर टाकलं, तर तेही मंद झालं. म्हणजे नस रसायनातून निरोप देते, हे सिद्ध झालं. ते रसायन ॲसिटिलकोलिन निघालं. या कामासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं.

ॲसिटिलकोलिनचे रिसेप्टर दोन जातींचे असतात. मस्करिनिक रिसेप्टर लाळ, घाम, फुप्फुसातला स्राव आणि हृदयाचे ठोके सांभाळतात. निकोटिनिक रिसेप्टर हातापायाचे आणि श्वासाचे स्नायू हलवतात. मेंदूत दोन्ही असतात.

विष नेमकं काय करतं?

निरोप पोचल्यावर ॲसिटिलकोलिन लगेच साफ व्हावं लागतं. हे काम एक एन्झाइम करतं. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं याच एन्झाइमला चिकटून ते बंद पाडतात. मग ॲसिटिलकोलिन साचत जातं आणि सगळे रिसेप्टर एकदम चालू राहतात. तोंडाला लाळ, अंगाला घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत पाणी, स्नायू फडफडणं, नंतर झटके आणि श्वास थांबणं, हा सगळा त्याचाच परिणाम.

ॲट्रोपिन विष काढत नाही आणि एन्झाइमही दुरुस्त करत नाही. ते फक्त मस्करिनिक रिसेप्टरवर जाऊन बसतं, म्हणजे ॲसिटिलकोलिनला तिथे जागा मिळत नाही. पण हे कळलं कसं?

पायरी १: आतड्याचा तुकडा

सगळ्यात जुनी पद्धत. प्राण्याच्या आतड्याचा छोटा तुकडा ३७ अंशांच्या क्षारयुक्त पाण्यात टांगतात आणि त्यात हवेचे बुडबुडे सोडतात. मग ॲसिटिलकोलिनचा डोस वाढवत जायचं आणि तुकडा किती आकुंचन पावतो ते मोजायचं. डोस लॉग स्केलवर मांडला की एस आकाराचा आलेख मिळतो. अर्धा परिणाम ज्या डोसला होतो, तो आकडा महत्त्वाचा.

आता पाण्यात थोडं ॲट्रोपिन टाकून तोच प्रयोग पुन्हा करायचा. आलेख तसाच्या तसा उजवीकडे सरकतो, पण त्याची उंची कमी होत नाही. याचा अर्थ, ॲसिटिलकोलिन पुरेसं वाढवलं तर ते ॲट्रोपिनला हटवू शकतं. दोघं एकाच खुर्चीसाठी भांडतायत, आणि ज्याची गर्दी जास्त त्याला खुर्ची. याला स्पर्धात्मक अडथळा म्हणतात.

विषबाधेत ॲट्रोपिन इतकं जास्त का लागतं, याचं उत्तर या आलेखातच आहे. एरवी हृदयाचे ठोके मंद झाले तर अर्धा ते एक मिलिग्रॅम पुरतं. इथे समोर ॲसिटिलकोलिनचा पूर आलेला असतो, त्यामुळे डॉक्टर छाती मोकळी होईपर्यंत डोस वाढवत नेतात.

आता शिकवण्यासाठी दरवेळी प्राणी लागत नाही. पुद्दुचेरीच्या जिपमेर संस्थेत तयार झालेल्या एक्सफार्म सॉफ्टवेअरवर असे प्रयोग कॉम्प्युटरवरच करता येतात.

पायरी २: औषध खरंच रिसेप्टरलाच चिकटतं का?

आतडं आकसलं नाही, पण कशामुळे? औषध दुसरीकडेच कुठे काम करत असेल तर? म्हणून चिकटणं थेट मोजायचं. १९७४ मध्ये हेन्री यामामुरा आणि सॉलोमन स्नायडर यांनी मस्करिनिक रिसेप्टरला घट्ट धरणारा एक रेणू किरणोत्सारी हायड्रोजन लावून तयार केला आणि उंदराच्या मेंदूच्या लगद्यात मिसळला. लगदा फिल्टरवर धुतला की जे रेणू रिसेप्टरला चिकटलेत तेच उरतात. त्यांचा किरणोत्सार मोजायचा. मग ॲट्रोपिन घालून बघायचं, किती रेणू सुटतात. जितक्या कमी ॲट्रोपिनने ते सुटतील, तितकी त्याची पकड घट्ट.

पायरी ३: एकट्या रिसेप्टरचा करंट

निकोटिनिक रिसेप्टर म्हणजे एक दारच असतं. उघडलं की विद्युतभारित कण आत जातात. १९७६ मध्ये जर्मनीत एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी बेडकाच्या स्नायूवर काचेची अतिबारीक नळी टेकवली आणि एकाच रिसेप्टरचा करंट नोंदवला. तो अँपिअरच्या एक लाख कोटीव्या भागात, म्हणजे पिकोअँपिअरमध्ये मोजतात. दार उघडं, बंद, उघडं, अगदी ० आणि १ सारखं. या पॅच क्लॅम्प पद्धतीला १९९१ चं नोबेल मिळालं.

कपाशीवर तुडतुडे-माव्यासाठी मारतात ते इमिडाक्लोप्रिड याच निकोटिनिक रिसेप्टरवर बसतं. किडीच्या रिसेप्टरवर त्याची पकड माणसाच्या रिसेप्टरपेक्षा खूप घट्ट असते. जात तीच, पण रचनेत थोडा फरक. म्हणून ते किडीला जास्त मारक. माणसाला पूर्ण सुरक्षित, असा मात्र त्याचा अर्थ नाही.

पायरी ४: औषध मेंदूत पोचतं का?

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची घट्ट भिंत असते. ज्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, तो सहसा ती ओलांडत नाही. ॲट्रोपिन आत जातं. म्हणून ते मेंदूतल्या रिसेप्टरवरही काम करतं, आणि डोस जास्त झाला तर पेशंट बरळतो, ताप चढतो. ग्लायकोपायरोलेट हे त्याच कामाचं दुसरं औषध, पण भारित असल्याने मेंदूत फारसं शिरत नाही. बांधावर उगवणाऱ्या धोत्र्यातही ॲट्रोपिनच्या कुळातली द्रव्यं असतात. धोत्रा खाल्लेला माणूस भ्रमिष्टासारखा का वागतो, ते यावरून कळेल. घरगुती उपाय म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका.

जिवंत माणसाच्या मेंदूत औषधाने किती रिसेप्टर व्यापले, हे पेट स्कॅनवर दिसतं. मानसिक आजाराच्या औषधांत याचा मोठा उपयोग झाला. डोपामिनचे साधारण ६५ टक्के रिसेप्टर व्यापले की बऱ्याच औषधांचा गुण येतो. ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की अंग ताठरणं, हात थरथरणं असे त्रास वाढतात. म्हणजे योग्य डोस या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतो.

पायरी ५: पेशंटवर चाचणी

आता सगळ्यात अवघड पायरी. विषबाधेत प्रॅलिडॉक्झिम नावाचं दुसरं औषधही देतात. ते बंद पडलेलं एन्झाइम विषापासून सोडवतं. टेस्ट ट्यूबमध्ये हे स्पष्ट दिसतं. मग पेशंट वाचायलाच हवेत, नाही का?

बारामतीच्या एका दवाखान्यात डॉ. कीर्ती पवार आणि सहकाऱ्यांनी विषबाधेच्या २०० पेशंटवर चाचणी केली. सगळ्यांना आधी २ ग्रॅम प्रॅलिडॉक्झिम दिलं. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला ४८ तास दर तासाला १ ग्रॅम सलाइनमधून सतत, दुसऱ्याला दर ४ तासांनी १ ग्रॅम. सतत औषध मिळालेल्या गटात १ पेशंट दगावला, दुसऱ्यात ८. पहिल्या २४ तासांत लागणारं ॲट्रोपिनही साधारण ६ मिलिग्रॅम विरुद्ध ३० मिलिग्रॅम. हे निकाल २००६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले.

पण २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीचे निकाल आले. तिथे एका गटाला प्रॅलिडॉक्झिम, दुसऱ्याला नुसतं सलाइन होतं. औषध मिळालेल्यांच्या रक्तातलं एन्झाइम सुधारलं, तरी मृत्यू कमी झाले नाहीत. उलट त्या गटात ते थोडे जास्तच होते.

यात खोटं कोणीच नाही. बारामतीत मध्यम तीव्रतेचे पेशंट होते, व्हेंटिलेटरची सोय होती आणि डोस वेगळा होता. शिवाय विषांतही फरक. विष चिकटलेलं एन्झाइम काही वेळाने कायमचं निकामी होतं, मग प्रॅलिडॉक्झिम काहीच करू शकत नाही. डायमिथाइल गटातल्या विषांत, उदाहरणार्थ मोनोक्रोटोफॉसमध्ये, यासाठी काही तासच मिळतात. डायएथिल गटातल्या क्लोरपायरीफॉसमध्ये वेळ जास्त मिळतो.

न्यूरोफार्माकॉलॉजीचा खरा धडा हाच. औषध रिसेप्टरला किंवा एन्झाइमला चिकटलं, म्हणजे पेशंट वाचला असं होत नाही. प्रत्येक पायरीचा प्रश्न वेगळा, आणि तिचं उत्तर त्याच पायरीवर शोधावं लागतं. आता कॉम्प्युटरवर रिसेप्टरचा त्रिमितीय आकार काढून लाखो रेणू त्यात बसवून बघता येतात. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला ते भारीच वाटतं. पण त्यातून यादी छोटी होते, पुढच्या पायऱ्या तशाच राहतात.

मग आपल्या फोनचा काय उपयोग?

फार मोठा. ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम एन्झाइम बंद पाडणाऱ्या विषांसाठी आहेत. सायपरमेथ्रिन किंवा फिप्रोनिल वेगळ्याच जागी काम करतात, त्यांच्यावर हा उतारा नाही. 'पांढरी बाटली, हिरवं झाकण' यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. म्हणून:

- फवारणीआधी बाटलीच्या लेबलचा फोटो काढा. ब्रँडपेक्षा त्यातल्या घटकाचं नाव नीट वाचता आलं पाहिजे. दोन औषधं एकत्र केली असतील तर दोन्हींचा फोटो घ्या.
- लेबलवर लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी.
- मळमळ, जास्त घाम, लाळ, अंधुक दिसणं सुरू झालं की फवारणी थांबवा. भिजलेले कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा.
- उलटी करवू नका. १०८ ला फोन करा. गाडी आधी मिळाली तर थांबू नका.
- लेबलचा फोटो आणि त्रास कधी सुरू झाला ती वेळ डॉक्टरांना आधी सांगा.

वर सांगितलेले डोस विषय समजण्यासाठी आहेत, घरी वापरण्यासाठी नाहीत. किती आणि काय द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. घरात कोणी फवारणीला जाणार असेल, तर आज संध्याकाळीच पंपाजवळच्या बाटल्यांचे फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकून ठेवा.