पनवेलचा दमट उन्हाळा आणि गारव्याची साधने

पनवेल हे खाडीकाठचे जुने बंदर असल्यामुळे तेथील उन्हाळा अंग भाजतो त्याहून अधिक घामाने भिजवतो, आणि म्हणूनच देशावर उपयोगी पडणारे वाळ्याचे पडदे, ज्यांचा गारवा कोरड्या हवेत पाणी उडून जाण्यावर अवलंबून असतो, येथे फारसे कामाचे नव्हते. १८५२ मध्ये नगरपालिका मिळालेल्या या गावातील जुन्या घरांची भिस्त होती ती कौलांखालच्या माळ्यावर, पडवीवर आणि समोरासमोरच्या दारांवर. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारे सिडको महामंडळ स्थापन झाल्यानंतर आसपास स्लॅबच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि कालांतराने भिंतींवर एसी लागले.

अमेरिकन अभियंता विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखलेली एसीची यंत्रणा मुळात आर्द्रता आवरण्यासाठी होती, ही गोष्ट कोकणाला विशेष लागू पडते. कारण येथील एसीची बरीच शक्ती हवेतले पाणी गाळण्यातच जाते. हे पाणी थंड कॉइलच्या पातळ पत्र्यांवरून ड्रेन ट्रेत ठिबकते, पत्र्यांवर आणि ट्रेत धूळ व बुरशी मिळून बुळबुळीत थर धरतो, हवेचा मार्ग अडतो आणि कॉम्प्रेसरला जास्त वेळ चालावे लागते. यावर अतिनील दिवा, म्हणजे सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा जंतुनाशक प्रकाश देणारा दिवा, कॉइलजवळ बसवण्याची पद्धत मोठ्या इमारतींच्या यंत्रणांत आली. तो बुरशी मारतो, धूळ मात्र काढत नाही, शिवाय वर्षभरात त्याचा जोरही उतरतो. त्यामुळे फिल्टर धुणारा आणि ट्रेची नळी फुंकून मोकळी करणारा मेकॅनिक ठरावीक काळाने यावाच लागतो.