वळणापलीकडचा निरोप

ताशी ९० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला २५ मीटर कापते. वळणापलीकडचा बर्फाळ रस्ता दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पुढच्या मोटारीनेच मागचीला सावध केले तर? यासाठी अमेरिकेने १९९९ मध्ये ५.९ गिगाहर्ट्झजवळचा रेडिओलहरींचा पट्टा राखून ठेवला. पण त्या लहरी जेमतेम किलोमीटरभर पोचत. २०१६ मध्ये स्वीडन-नॉर्वेत व्होल्वोने वेगळी वाट धरली. चाक घसरले, की मोबाइलच्या जाळ्यातून निरोप दूरच्या संगणकांकडे, म्हणजे ‘क्लाउड’कडे जाई, तिथून आसपासच्या मोटारींना. मात्र सुरुवातीला तो त्याच कंपनीच्या मोटारींना कळे. २०१९ मध्ये युरोपातील काही सरकारे व प्रतिस्पर्धी कंपन्यांनी असे निरोप एकमेकांना देण्याचा प्रयोग सुरू केला. आपण वर्गात विचारू या : धोक्याची बातमी कोणाच्या मालकीची?