आजीच्या सुपातलं गाणं

सिन्नरच्या आमच्या घरी दुपारची भांडी झाली की आजी मांडीवर सूप घेऊन ओट्यावर विड्या वळायला बसायची. पान कात्रीनं कापायचं, तंबाखूची चिमूट घालायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा आणि नखानं तोंड मुडपायचं. आतल्या खोलीत रेडिओ चालू. 'चल गं हरणे तुरूतुरू' लागलं की तिचा गुडघा हलायचा आणि सुपातली पानं खाली सांडायची. आम्हा सगळ्या नातवंडांना तिनं त्याच गाण्यावर निजवलंय.

आजोबांची गाणी निराळी. आंबेडकर जयंतीच्या दिवसांत फडक्यात बाजरीची भाकर आणि लसणाचा ठेचा बांधून ते सोबत्यांबरोबर कोसन्‌कोस चालत 'कर्डकांचं गाणं' ऐकायला जायचे आणि कोंबडं आरवताना परतायचे. कोणत्या कर्डकांचं, यावर मात्र त्यांच्यात कायम वाद. आंबेडकरी जलसे गाजवणारे भीमराव कर्डक नाशिक जिल्ह्यातलेच, आणि वामनदादा कर्डकही. आजोबा म्हातारपणी दोघांच्या आठवणी एकात एक मिसळून सांगायचे. मीही आता तसंच करत असेन.

वामनदादांबद्दल बोलताना मात्र आजोबांचा आवाज बदलायचा. "आपल्या तालुक्यातला, देशवंडीचा पोरगा!" १९२२ सालचा जन्म, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मुंबईत शिवडीला कुणी पत्र वाचायला दिलं, ते वाचता येईना म्हणून रडला. मग देहलवी मास्तरांकडे अक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं शिकला. १९४३ मध्ये पहिलं गाणं केलं, तेही हिंदी सिनेमाच्या गाण्याचं विडंबन. पुढं बाबासाहेबांवरची गाणी गावोगाव पोचली. तमाशासाठी लावण्या झाल्या, सिनेमाची गाणी झाली, गझलाही झाल्या. लोक दहा हजारांचा आकडा सांगतात. पोटासाठी त्या माणसानं काय काय विकलं, आणि तरी वही भरत राहिली, याचं मला आजही नवल वाटतं.

एका पावसाळी संध्याकाळी आजीनं हुलग्याची शेंगोळी केली होती. रेडिओवर तिची हरणी आली. आजोबा ताटावरून म्हणाले, "हे बी वामनदादाचंच हाय."

आजी मानेना. "भीमाची गाणी लिवणारा ह्ये कशाला लिवंल?"

"अगं, लिवलंय त्यानं! मंग आमच्या कर्डकांवर तुझाबी हक्क हाय की."

तिनं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सूप मांडीवर घेतलं आणि आजोबांना म्हणाली, "आवं, तुम्ही ऐकायला जायचा ते एक म्हणा की." तिनं असं कधीच मागितलं नव्हतं. आजोबांचा आवाज फाटलेला, मधले शब्द गळालेले. ती कात्री खाली ठेवून ऐकत राहिली.

त्या दिवशी कारखान्यात तिच्या हजाराला चाळीस विड्या कमी भरल्या.