वनस्पतिशोधन (बेळगाव–निपाणी सीमाभाग)

वनस्पती आणि भूसुधारके वापरून दूषित किंवा बिघडलेली जमीन सुधारण्याची पद्धत. काही वनस्पती जड धातू मुळांवाटे ओढून पानांत साठवतात. काही त्यांना मुळांपाशीच अडवून ठेवतात. सीमाभागाला दुसरा प्रकार अधिक उपयोगी आहे.

बेळगावच्या यमनापूर येथे हिंडाल्कोचा, पूर्वीच्या इंडियन अॅल्युमिनियम कंपनीचा, अॅल्युमिना कारखाना आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील दुर्गमानवाडीसारख्या खाणींतल्या बॉक्साइटवर कॉस्टिक सोड्याने प्रक्रिया केली, की मागे तांबडा गाळ उरतो. अशा गाळाचा सामू साधारणपणे १० च्या वर असतो. सोडियम भरपूर, नत्र व सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नाहीत. त्यात बी तग धरत नाही आणि उन्हाळ्यात वाळलेला गाळ धूळ होऊन उडतो. नुसती रोपे लावून इथे काही साधत नाही. आधी गाळच बदलावा लागतो. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते, सुटलेले सोडियम पाण्याबरोबर निघून जाते आणि सामू उतरतो. शेणखत किंवा साखर कारखान्यातला प्रेसमड मिसळल्यास गाळ भुसभुशीत होतो, जिवाणूंना अन्न मिळते. त्यानंतर हरळी, वाळा, वेडी बाभूळ अशा काटक वनस्पती लावता येतात. निचऱ्याचे खारट पाणी मात्र ओढ्यात न सोडता अडवलेच पाहिजे. हंगेरीत आयका येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी अशा गाळाचा बांध फुटून १० माणसे दगावली. तेव्हा नदीतही जिप्समच टाकावे लागले.

कृष्णा, दूधगंगा व वेदगंगेच्या काठची उसाची चोपण (सोडियमयुक्त) रानेही जिप्समच्या याच रसायनशास्त्राने सुधारतात. माती तपासून जिप्सम द्यावे, धैंचा फुलोऱ्यात येताच गाडावा. पण चर काढून पाण्याला वाट दिली नाही, तर क्षार पुन्हा वर येतात. जिप्समवर खर्च करून निचरा टाळणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय.

निपाणीची ओळख असलेला तंबाखू जमिनीतील कॅडमियम पानांत साठवतो. त्यामुळे शोधनासाठी त्याचा विचार होतो; परंतु शोधनासाठी घेतलेले पान विडीत, चाऱ्यात किंवा कंपोस्टात जाता कामा नये. ते घातक कचरा म्हणूनच हाताळावे लागते.