येलदरीची वाट: जिंतूरच्या डोंगरातले रस्ते कोणी आणि कशासाठी काढले?

१/ परभणी म्हटले की सपाट काळी राने, कापूस, ज्वारी आणि रणरणते ऊन डोळ्यांपुढे येते. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मात्र अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे जिंतूर तालुक्यात उतरतात आणि त्यांच्या कुशीत येलदरीचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. पहाटे सायकल काढणाऱ्याला याहून देखणी वाट जिल्ह्यात क्वचितच सापडेल. ही वाट मुळात कोणासाठी निघाली, याचा हा धागा.

२/ पाश्चात्त्य देशांत चांगल्या रस्त्यांसाठी संघटितपणे आवाज उठवणाऱ्यांत सायकलस्वार आघाडीवर होते. अमेरिकेत १८८० साली ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ आणि ब्रिटनमध्ये १८८६ साली ‘रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ स्थापन झाली. मोटार रस्त्यावर येण्याआधीच खडीचे गुळगुळीत रस्ते ही सायकलस्वारांची मागणी बनली होती. जिंतूरकडे हा क्रम उलटा आहे. इथे रस्ता यात्रेकरूंनी मळवला, बाजाराने रुंद केला, धरणाने पक्का केला. हौसेची सायकल सर्वांत शेवटी आली.

३/ परभणीहून झरीमार्गे जिंतूर सुमारे ४५ किलोमीटर. पहिला बराच भाग काळ्या मातीचा आणि जवळजवळ सपाट. जिंतूर जवळ येऊ लागते तशी माती पातळ होते, कातळ वर डोकावतो, सायकलीचा दात बदलावा लागतो. हा चढ म्हणजे गोदावरीच्या खोऱ्याची उत्तरेकडची कड आहे. या भागाचा पुढचा सगळा इतिहास या कडेनेच ठरवला.

४/ याचा पहिला दाखला रेल्वेचा. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग झाला, तो जालना, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड असा गोदावरी खोऱ्यातली सपाटी धरून गेला. डोंगराच्या कडेला बसलेले जिंतूर बाजूला राहिले. तालुक्याचे गाव असूनही तिथे आजवर रेल्वे नाही. त्यामुळे जिंतूरचे सारे जगणे रस्त्यावर अवलंबून राहिले.

५/ संस्थानाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली सरकारी मोटारबस सुरू केल्या. भारतात सार्वजनिक बससेवा सरकारने स्वतः चालवण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. रेल्वे न पोचलेल्या गावांना जगाशी जोडणारे साधन पुढे बसच ठरले. जिंतूर हे अशा रस्त्यांचे नाके आहे: पश्चिमेला चारठाणा, पूर्वेला औंढा, उत्तरेला येलदरी. तिन्ही रस्त्यांची कारणे निरनिराळी आहेत.

६/ आधी गावालगतची टेकडी. जिंतूरपासून सुमारे तीन किलोमीटरवर नेमगिरीची जैन लेणी आहेत, शेजारी चंद्रगिरी. गुहांच्या दारांतून वाकून, कधी जवळजवळ रांगत आत जावे लागते आणि आत अचानक भव्य मूर्ती समोर येतात. त्यांपैकी पार्श्वनाथांची मूर्ती लहानशा दगडाच्या आधारावर तोललेली असल्याने ‘अंतरिक्ष पार्श्वनाथ’ म्हणून प्रसिद्ध आहे. जिंतूरचे जुने नाव ‘जैनपूर’ असल्याचे परंपरा सांगते.

७/ टेकडीवर जाणारी वाट साधनेसाठी निघाली. वस्तीपासून दूर, पण भिक्षेला उतरता येईल इतकी जवळ, अशी जागा श्रमण परंपरेने जागोजागी निवडली. आज सायकलस्वाराला दमवणारा तो छोटा चढ याच हिशेबातला आहे.

८/ पश्चिमेचा रस्ता चारठाण्याला जातो. यादवकालीन मंदिरे, पायऱ्यांची पुष्करणी आणि मोकळ्यावर एकटाच उभा असलेला कोरीव स्तंभ ही या गावाची ओळख. एका गावात इतकी दगडी मंदिरे उभी राहतात, तेव्हा मागे पिकाऊ जमीन, दानशूर व्यापारी आणि कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती असावी लागते. आज आडबाजूचे वाटणारे हे गाव सातआठशे वर्षांपूर्वी आडबाजूचे नव्हते.

९/ पूर्वेचा रस्ता औंढा नागनाथला. मंदिराचा खालचा भाग काळ्या दगडाचा, कोनाकोनांनी बाहेर येणारा आणि शिल्पांनी भरलेला; वरचे शिखर नंतरच्या काळातले, चुनेगच्चीचे. दोन काळ एकमेकांवर रचलेले उघड दिसतात. नामदेवांना विसोबा खेचर इथेच गुरू म्हणून भेटले, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि औंढा तिकडे गेले. यात्रेकरूंच्या पायांना मात्र ही सीमा कधी अडली नाही.

१०/ उत्तरेचा रस्ता येलदरीचा आणि तोच सर्वांत नवा. इथली पूर्णा विदर्भातली नव्हे. ती तापीला मिळते. ही पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीला मिळते. जिंतूरच्या उत्तरेस ती टेकड्यांमधून वाहते आणि धरणाला हवी तशी जागा तिथेच सापडली. १९५८ च्या सुमारास काम सुरू झाले, १९६८ मध्ये पुरे झाले. मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त होऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती. दुष्काळी प्रदेशाला पाणी आणि वीज देणे ही नव्या राज्यकर्त्यांची कसोटी होती.

११/ धरण मातीचे. उंची सुमारे ५१ मीटर, लांबी चार किलोमीटरहून अधिक, एकूण साठा सुमारे ९३ कोटी घनमीटर. पायथ्याच्या वीजगृहात साडेसात मेगावॅटची तीन जनित्रे, म्हणजे एकूण २२.५ मेगावॅट. एवढी यंत्रसामग्री गाडीवाटेने नेता येत नाही. जड वाहनांना पेलेल असा पक्का रस्ता हवाच होता. सायकल जिथे सहज धावते, ती वळणे मुळात अवजड मालासाठी बेतलेली आहेत.

१२/ आता ज्या पाण्याकडे पाहत सायकलस्वार थांबतो, त्याविषयी. ते सरोवर निसर्गाने दिलेले नाही. लुधियानात ‘हिरो’ची सायकल बनू लागली ती १९५६ साली; तेव्हा या पाण्याच्या जागी नदीकाठची शेते, घरे, देवळे आणि गावोगावच्या पायवाटा होत्या. पात्रालगतची गाळाची जमीन तालुक्यातली सर्वांत कसदार. बुडाली ती हीच.

१३/ महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा झाला १९७६ साली. येलदरी त्याआधी आठ वर्षे भरू लागली होती. म्हणजे ज्यांनी गावे सोडली, त्यांच्या हाती जमिनीचा मोबदला होता. जमिनीच्या बदल्यात जमीन, नव्या गावठाणात शाळा, रस्ता, पाणी या गोष्टी हक्क म्हणून मागायला आधार देणारा कायदा नव्हता.

१४/ दुसरी गोष्ट उताराची. येलदरी पाणी साठवते आणि वीज करते. शेतीचे कालवे निघतात ते खालच्या सिद्धेश्वर धरणातून. तिथून पाणी वसमत, नांदेडकडच्या रानांत जाते. परभणी शहराची तहानही पूर्णाच भागवते. कालव्याचे पाणी चढ चढत नाही. त्यामुळे जलाशयाला वेढून असलेल्या टेकड्यांवरची पुष्कळ शेती पावसावरच राहिली. पाणी डोळ्यांसमोर आणि पीक आभाळाच्या भरवशावर, हे दृश्य या वाटेवर चढाच्या शेवटी दिसते.

१५/ या रस्त्यांवर सायकल नवी नाही. दुधाची किटली अडकवून जाणारे गवळी, हँडलला पिशवी लावून शाळेवर जाणारे मास्तर, टपालवाले यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली. आता मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. हौशी सायकलस्वार ज्या चढावर घड्याळ लावून वेग मोजतो, तिथेच एखादी मुलगी दप्तर मागे बांधून शाळेची घंटा गाठत असते. तिची सायकल बंद पडली तर दिवस बुडतो. कधी शाळाही सुटते.

१६/ या वाटेला जायचे तर पाऊस ओसरल्यावर, अश्विन-कार्तिकात जावे. डोंगर हिरवे असतात, पाणी बहुधा भरलेले असते, ऊन सोसवते. नेमगिरीला दाराशी वाकावे, चारठाण्यात स्तंभाभोवती एक फेरी मारावी, येलदरीला भिंतीच्या दोन्ही बाजू पाहाव्यात: एकीकडे साठलेले पाणी, दुसरीकडे वीजगृहातून सुटून सिद्धेश्वरकडे निघालेली नदी. आसपासच्या गावात चहाला थांबल्यावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, जुने गाव कुठे होते. तो बहुधा हात पाण्याकडे करील.

(धागा समाप्त)