वनस्पतिसमूह : वर्गीकरण व नकाशांकन (आंबिवली-कल्याण परिसर)

वनस्पतिसमूह म्हणजे विशिष्ट माती, पाऊस आणि ओलावा असलेल्या जागी एकमेकांच्या सोबतीने वाढणारी झाडे, झुडपे, वेली व गवते. असे समूह ओळखून त्यांच्या सीमा नकाशावर आखल्या, म्हणजे नेमके काय राखायचे ते ठरवता येते.

आंबिवली उल्हास-काळू खोऱ्यात आहे. इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि पुढचे आठ महिने कोरडे जातात. त्यामुळे टेकड्यांवरचे मूळ रान पानझडीचे : साग, ऐन, हेदू, कळंब, कुडा, पळस. नदीकाठी करंज, उंबर, जांभूळ. तर कल्याण-डोंबिवलीच्या खाडीकाठी तिवर, चिपी आणि मारांदी ही खारफुटी. थोड्याच अंतरात तीन वेगळे समूह भेटतात.

भारतीय वनप्रकारांची पहिली व्यवस्थित मांडणी हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये केली. एस. के. सेठ यांच्यासह १९६८ मध्ये त्यांनी केलेली १६ मुख्य गटांची सुधारित मांडणी वनखाते आजही वापरते. भारतीय वन सर्वेक्षणाचा २०११चा वनप्रकार ॲटलास तिच्यावरच आधारलेला आहे.

नकाशाचे प्रमाण मात्र कळीचे. १:५०,००० प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. खाडीकाठची २५ मीटर रुंदीची तिवरांची पट्टी तिथे अर्धा मिलिमीटर उरते आणि सहज गळून जाते. छोटी देवराई किंवा ओढ्याकाठची झाडीही अशीच निसटते. शहरालगतचे हिरवे तुकडे बहुधा एवढेच असतात, म्हणून त्यांना मोठ्या प्रमाणाचे नकाशे लागतात.

उपग्रहचित्रांची तारीखही महत्त्वाची. पावसाळा सरताना सगळेच हिरवे दिसते. मार्चमध्ये साग निष्पर्ण होतो आणि सदाहरित झाडे वेगळी उठून दिसतात. दोन्ही ऋतूंची चित्रे ताडून पाहिल्यावर अभ्यासक प्रत्यक्ष रानात चौरस आखतात, त्यातील झाडे मोजतात, खोडांचे घेर नोंदवतात. घाणेरी आणि रानमोडी यांसारख्या उपऱ्या झुडपांचे प्रमाण नोंदवणेही गरजेचे असते, कारण वरून गर्द हिरवे दिसणारे रान खालून त्यांनीच व्यापलेले असू शकते.

अशा नकाशांना कायदेशीर वजनही असते. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील खारफुटीची तोड थांबवताना तिच्या नकाशांकनाचाही आदेश दिला. वृक्षलागवडीलाही या नकाशांचा आधार मिळतो : मूळ समूह माहीत असेल, तर उपऱ्या गिरिपुष्पाऐवजी ऐन, हेदू, कळंब यांची रोपे निवडता येतात.

नकाशांच्या जोडीला स्थानिकांची माहितीही लागते. जैविक विविधता अधिनियम, २००२नुसार स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. पहिल्या पावसात उगवणारी शेवळी उपग्रहाला दिसत नाही, पण ती कोणत्या झाडोऱ्यात, केव्हा मिळते हे रानभाज्या खुडून कल्याणच्या बाजारात आणणाऱ्या ठाकर-कातकरी बायकांना ठाऊक असते. त्यांची माहिती या नोंदवहीत, त्यांच्या संमतीने, मानाने उतरायला हवी.